ठिसूळ हाडे : डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांचे जोडकाम

अंगणात पाय घसरून साठीतील बाईचे मनगट मोडले, की तिला रुग्णालयात नेले जाते, प्लास्टर बसते आणि महिना-दीड महिन्याने ते निघते. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलेच कसे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक ते त्याच वेळी विचारावयास हवे. कारण पुढचे पडणे खुब्यावर बेतू शकते, आणि खुबा मोडलेली वृद्ध व्यक्ती पुष्कळदा पूर्वीसारखी चालू शकत नाही.

हाडे आतून विरळ होण्याच्या या विकारास अस्थिसुषिरता अथवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत तो बहुधा दुखत नाही, ही खरी अडचण होय. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांच्या हाडांची झीज वेगाने होते. अस्थिघनता मोजणारे डेक्सा यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते. म्हणून वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता काय, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या काय, या विचारपुशीवरच प्रथम भिस्त ठेवावी लागते. घरोघर जाणारी आरोग्यसेविका ती गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांपेक्षा निवांतपणे करू शकते.

यवतमाळ जिल्ह्यात तिला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : पिण्याचे पाणी कोणत्या विहिरीचे वा हातपंपाचे? पांढरकवडा परिसरासह जिल्ह्यातील काही ठिकाणी भूजलात फ्लोराइडचे प्रमाण दर लिटरला १.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेहून अधिक आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास सांधे आखडतात, पाठ ताठरते. क्ष-किरण चित्रात अशी हाडे दाट दिसतात, परंतु दाट हाड मजबूत असतेच असे नाही; डेक्साचा आकडाही येथे फसवा ठरू शकतो. सेविकेने नोंदलेला पाण्याचा स्रोत हाती असल्यास डॉक्टर निदानाची दिशा बदलू शकतात.

औषध ठरविणे, त्यापूर्वी मूत्रपिंडाचे कार्य तपासणे आणि गरज पडल्यास यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविणे हे डॉक्टरांचे काम. पुढची बाजू सेविकेची. अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची असते. नंतर अर्धा तास काही खावयाचे नाही व आडवेही व्हावयाचे नाही. आपल्याकडे दिवस चहाने उजाडतो! चहाबरोबर घेतलेली गोळी अंगी लागत नाही, आणि लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेस इजा होण्याचा संभव असतो. हे एकदा सांगून भागत नाही. आहारात दूध, तीळ, नाचणी व शेवग्याचा पाला आहे काय, न्हाणीघर निसरडे आहे काय, हेही तिनेच पाहावयाचे. डॉक्टरांची बदली होते; उपकेंद्रातील नोंदवही तेथेच राहते.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १९९९ पासून परिचारिकांनीच अस्थिभंगाच्या रुग्णांना शोधून त्यांच्या हाडांची तपासणी घडवून आणण्याची पद्धत सुरू झाली व पुढे अनेक देशांनी ती उचलली. आपल्याकडे त्यासाठी निराळे पद नको. पन्नाशीनंतर हाड मोडलेल्या प्रत्येकाचे नाव प्लास्टर निघण्यापूर्वी उपकेंद्रास कळावे, एवढी व्यवस्था पुरे. पाण्याचे नमुने तपासणीस पाठवून त्यांचे अहवाल सेविकेच्या हाती देण्याचे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे.