पंपाच्या नियंत्रकांत आज्ञावली कायम करणें

उपसा सिंचनाच्या पंपावरील औद्योगिक नियंत्रक हा एक लहानसा संगणकच होय. तो पाण्याची पातळी व विजेचे तिन्ही फेज वाचतो, आज्ञावलीप्रमाणें निर्णय करितो आणि पंप चालू वा बंद करितो. हा फेरा सेकंदाच्या अल्पांशांत, ठरल्या वेळींच पुरा व्हावा लागतो.

आज्ञावली दुसऱ्या संगणकावर रचून तारेनें त्यांत उतरवितात. परंतु कित्येक नियंत्रकांत चांचणीसाठीं उतरविलेली आज्ञावली तात्पुरत्या स्मृतींतच राहते व वीज जातांच पुसली जाते. मग रात्रीं वीज येऊनही पीक कोरडेंच. प्रमाणित न झालेल्या फेरफारासारखी ही कच्ची नोंद आम्ही समजतों.

यास्तव आज्ञावली कायम स्मृतींत ठेवून वीज येतांच आपोआप सुरू होईल, असें करवून घ्यावें. तंत्रज्ञ जाण्यापूर्वीं वीज तोडून, पुन्हां जोडून खात्री करावी, अशी शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे.