मिनिटाला सहा श्वास
(हृदयाची निगा : लेखांक ९)

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवा. नाडी लागली की सावकाश श्वास घ्या आणि तितक्याच सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित लगबगीने पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुणांच्या नाडीत हा फरक चांगला जाणवतो, वयाबरोबर तो पुसट होतो. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ मध्येच त्याची नोंद केली होती. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा अंमल वाढतो, म्हणून हे घडतं.

मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. रक्तदाब चढला की धमनीची भिंत ताणली जाते, मेंदूकडे वर्दी जाते, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात. उच्च रक्तदाबात ही यंत्रणा बोथट झालेली असते. मेंदूचा हुकूम सुटून रक्तवाहिन्या प्रत्यक्ष सैल व्हायला थोडा वेळ जातो, त्यामुळे रक्तदाबात मुळातच सुमारे दहा सेकंदांची एक लाट उठत असते. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो, त्यांचा या लाटेशी मेळ बसत नाही. सहा श्वासांचा बसतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावला की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसंच हे.

इटलीतल्या पाव्हियाचे लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक सुंदर प्रयोग मांडला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक तल्लख झाली. दोन धर्मांच्या उपासना एकाच लयीवर येऊन ठेपाव्यात, हे मला फार मोलाचं वाटतं.

२००५ मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरच्या प्रयोगात संथ श्वसन चालू असताना वरचा आकडा सरासरी सुमारे १५० वरून १४१ वर आला. पण हा परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला होता. रोजच्या सरावाने दाब थोडा उतरू शकतो. हृदयविकाराचा झटका टळतो, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं ते योगाला प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. प्राणायामाचे गोडवे गाताना तीच शिस्त आपणही पाळायला हवी.

सराव सोपा आहे. पाठ टेकून बसा. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मध्ये रोखू नका. रक्तदाब असलेल्यांनी कुंभक किंवा भस्त्रिका स्वतःच्या मनाने करू नये. छाती फुगवून भरमसाट हवा ओढू नका. तसं केल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. असं झालं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू पंधरांवर जा.

आणि गोळी बंद करू नका. ‘प्राणायाम करा, औषधं फेकून द्या’ असं सांगणारा माणूस तुमच्या जिवाशी खेळतो आहे. गोळी कमी करायची की नाही हे घरी मोजलेले आकडे पाहून डॉक्टर ठरवतील. ते आकडे बिनचूक कसे मोजायचे, हे पुढच्या आठवड्यात.