डिम्सडेल कबुली देतो, मग ती कुणाला ऐकू का येत नाही?

'द स्कार्लेट लेटर' एम.ए.ला अभ्यासलेली असते, नेट-सेटसाठी पुन्हा चाळलेली असते. त्यामुळे पीएच.डी.चा विषय शोधताना ती हमखास आठवते. आणि मग सिनॉप्सिसमध्ये एक ठरलेलं वाक्य येतं: हेस्टरचं पाप उघड झालं म्हणून ती सावरली, डिम्सडेलचं लपून राहिलं म्हणून तो आतून संपला. वाक्य चुकीचं नाही. अडचण अशी की त्यात प्रश्नच शिल्लक नाही. समितीसमोर कुणीतरी विचारतं, "यात तुम्ही नेमकं काय शोधणार?" आणि आपण गप्प बसतो. आज याच वाक्याला जरा हलवून बघू.

अकरावं प्रकरण उघडा. आर्थर डिम्सडेल हा बोस्टनचा तरुण धर्मोपदेशक, हेस्टर प्रिनच्या मुलीचा म्हणजे पर्लचा बाप. हे गावाला माहीत नाही. गाईडं सांगतात की तो सात वर्षं मौन पाळतो. प्रत्यक्षात या प्रकरणात तो बोलतोय. पुलपिटवर उभा राहून, भर सभेत, एकदा नाही तर अनेकदा. मी पापी आहे, तुमच्यातल्या सर्वांत वाईट माणसापेक्षाही वाईट आहे, असं तो सांगतो. लोक काय करतात? त्याला आणखी पूज्य मानतात. एवढा निर्मळ माणूस स्वतःबद्दल असं बोलतोय, तर मग आपली काय गत, असं त्यांना वाटतं. आणि लोक असंच समजणार हे डिम्सडेलला बोलण्याआधीच ठाऊक असतं, हेही निवेदक स्पष्ट सांगतो.

म्हणजे पाप लपवायला त्याला मौनाची गरजच पडत नाही. त्याची कबुलीच ते काम करते. माझ्या मते कादंबरीतली सगळ्यात भयानक जागा ही आहे. छातीवरचं चिन्ह, चाबूक, रात्रीचं जागरण हे सगळं तिच्यानंतर येतं.

आता हे असं का होतं? "तो भित्रा आहे" हे उत्तर मानसशास्त्राचं झालं, आणि ते लवकर संपतं. इतिहासाकडे वळलं की विषय मोठा होतो. कॅथलिक पंथात पापनिवेदनाची एक खाजगी जागा असते: आपण, धर्मगुरू, आणि दोघांमधली जाळी. आत सांगितलेलं बाहेर जात नाही. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी ही जागा काढून टाकली होती. त्यांच्याकडे साधारण दोन प्रकार उरले. पहिला, चर्चचं सभासद होताना द्यायचं निवेदन. मी किती पतित होतो, देवाने मला कसं जागं केलं, कृपेची आशा कशी दिसली, हे मंडळीपुढे सांगायचं. केंब्रिजच्या टॉमस शेपर्ड या पाळकाने १६३० आणि १६४० च्या दशकांत आपल्या चर्चमधली अशी निवेदनं वहीत टिपून ठेवली. ती आज छापील मिळतात. त्यांत घरकाम करणाऱ्या मुलीसुद्धा आहेत. सलग वाचली की लक्षात येतं, प्रत्येकाचं आयुष्य वेगळं असलं तरी पापाची भाषा बरीचशी सारखी आहे. स्वतःला नीच म्हणणं हा त्या भाषेचा शिरस्ताच होता.

दुसरा प्रकार शिस्तीचा. एखाद्याने ठराविक गुन्हा केला, दारू पिऊन धिंगाणा घातला, लग्नाआधी संबंध ठेवले, तर त्याने मंडळीसमोर त्या कृत्याचं नाव घेऊन पश्चात्ताप व्यक्त करायचा, म्हणजे त्याला परत सामावून घेतलं जाई.

डिम्सडेल काय करतो? दुसऱ्या प्रकारात मोडणारं पाप पहिल्या प्रकारच्या भाषेत सांगतो. "मी पापी आहे" म्हणतो, पण "मी हे केलं" म्हणत नाही. शब्द खरे, पण ते सगळ्यांच्याच तोंडी असलेले. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने त्याने नवीन काहीच सांगितलेलं नसतं. मराठीत आपण दोन्हीला "कबुली" म्हणतो, आणि "कबुलीजबाब" म्हटलं की थेट पोलीस ठाणं आठवतं. म्हणून मराठीत नोट्स काढताना मी तीन शब्द वेगळे ठेवते: निवेदन, कबुली, कबुलीजबाब. कुठल्या प्रसंगी कुठला शब्द बसतो हे ठरवतानाच अर्धं विश्लेषण होऊन जातं.

उदाहरणार्थ तिसरं प्रकरण. हेस्टर चबुतऱ्यावर उभी आहे आणि तिच्याकडून बापाचं नाव मागितलं जातंय. हा सरळ सरळ कबुलीजबाब आहे, सत्तेने मागितलेला. तो मिळवण्यासाठी तिला समजवायचं काम कुणावर येतं? खुद्द डिम्सडेलवर. ती नकार देते. आता ते सुरुवातीचं वाक्य परत बघा: उघड पापाची हेस्टर आणि गुप्त पापाचा डिम्सडेल. पण गुपित तर हेस्टरही ठेवतेय! एक नाव बापाचं, आणि पुढे दुसरं नवऱ्याचं, कारण रॉजर चिलिंगवर्थ कोण आहे हे न सांगण्याचं वचन ती त्याला देऊन बसते. शिवाय तिच्या अंगावरचं "ए" हे अक्षर ज्या शब्दाचं, तो व्यभिचारासाठीचा शब्द अख्ख्या कादंबरीत कुठेही येत नाही. ज्याला आपण "उघड" म्हणतो तेही अर्धवट झाकलेलंच आहे.

बाराव्या प्रकरणात डिम्सडेल मध्यरात्री त्याच चबुतऱ्यावर चढतो, ओरडतो, पण गाव झोपेत. आकाशात उल्का चमकते आणि त्याला तिच्यात "ए" दिसतो. दुसऱ्या दिवशी चर्चचा सेवक त्याचा हातमोजा परत आणून देतो. तो चबुतऱ्यावर सापडला, म्हणजे सैतानानेच तिथे टाकला असणार, अशी त्याची खात्री. आकाशातल्या "ए"चा अर्थही गावाने लावून टाकलाय: गव्हर्नर विंथ्रॉप त्या रात्री वारले, म्हणजे तो "एंजल"चा "ए". पुरावा हातात आहे, तरी वाचणाऱ्यांना हवं तेच दिसतं. (खरा जॉन विंथ्रॉप १६४९ च्या मार्चमध्ये वारला. हॉथॉर्नने ती घटना मे महिन्यात सरकवलीय. अशा जागा टिपून ठेवा, पुढे कामाला येतात.)

शेवटी तेविसाव्या प्रकरणात तो दिवसाढवळ्या, हेस्टर आणि पर्लला सोबत घेऊन चबुतऱ्यावर चढतो आणि छाती उघडी करतो. पुष्कळ प्रबंधांचं विश्लेषण इथे थांबतं: सत्य सांगितलं, मुक्ती मिळाली. चोविसावं प्रकरण मात्र घाईघाईत उरकलं जातं. त्यात काही प्रत्यक्षदर्शी ठामपणे सांगतात की छातीवर कसलीच खूण नव्हती, आणि त्याच्या शेवटच्या बोलण्यात हेस्टरशी कसल्याही नात्याची कबुली नव्हती. त्यांच्या मते एका संताने आपल्या मृत्यूची बोधकथा केली: देवापुढे आपण सगळे सारखेच पापी. म्हणजे नेमकी कबुलीसुद्धा पुन्हा त्या सर्वसाधारण निवेदनात विरघळवता येते.

इथे एक सावधगिरी. कादंबरी १८५० ची आहे, तिच्यातला काळ १६४२ ते १६४९ चा. तिला सतराव्या शतकाचा दस्तऐवज समजून उतारे देऊ नका. हॉथॉर्नला कबुलीचा प्रश्न का छळत होता, याचं एक उत्तर सेलममध्ये आहे. त्याचे खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हे १६९२ च्या चेटूक खटल्यांतले न्यायाधीश. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली. तिथलं उलटं गणित असं, की "होय, मी चेटूक केलं" असं खोटं कबूल करणारे वाचले आणि खरं सांगून नाकारणारे लटकले. आर्थर मिलरच्या १९५३ च्या 'द क्रुसिबल'मध्ये जॉन प्रॉक्टर नेमका याच पेचात सापडतो. खऱ्या इतिहासात न्यायाधीशांपैकी सॅम्युअल सीवॉल १६९७ मध्ये बोस्टनच्या चर्चमध्ये उठून उभे राहिले, त्यांनी लिहून दिलेला कागद पाळकाने वाचला, आणि खटल्यांचा दोष व लाज त्यांनी आपल्यावर घेतली. हॅथॉर्नने असं काही केल्याची नोंद नाही. 'द कस्टम हाउस' या प्रस्तावनेत पूर्वजांची लाज वंशजच स्वतःवर घेतो. ती प्रस्तावना कंटाळवाणी म्हणून सोडणाऱ्यांची ही जागा हातची जाते.

(जाता जाता: हॉथॉर्न सात वर्षांचा असताना, १८१२ मध्ये, त्याच सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये काही तरुण मिशनऱ्यांना दीक्षा मिळाली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट पुढच्या वर्षी मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. प्युरिटनांची ही चर्चपरंपरा आपल्यापासून वाटते तेवढी लांब नाही. मराठी ख्रिस्ती आत्मकथनांवर कुणाला काम करायचं असेल तर इथे एक वाट निघते.)

सिनॉप्सिससाठी याचा उपयोग काय? "पात्र कबुली देतं का?" याऐवजी "ऐकणाऱ्यांकडे ती कबुली ऐकण्यासाठी कुठली भाषा आहे?" असं विचारलं की तुम्हाला शेपर्डची वही, चर्चच्या नोंदी, खटल्यांची कागदपत्रं आणि कादंबरी एका टेबलावर ठेवता येतात. हॉथॉर्नच्याच इतर कथाही मग वेगळ्या वाचता येतात. १८६० च्या 'द मार्बल फॉन'मध्ये न्यू इंग्लंडची हिल्डा रोमला सेंट पीटर्समध्ये कॅथलिक पापनिवेदनासाठी गुडघे टेकते, म्हणजे प्युरिटनांनी काढून टाकलेली तीच जागा शोधत जाते.

आणि 'द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल' तर नक्की घ्या. पाळक हूपर एके दिवशी चेहऱ्यावर काळा पडदा घेऊन येतो, गुप्त पापावर प्रवचन देतो, आणि मरेपर्यंत पडदा काढत नाही. कथेला हॉथॉर्नने स्वतः तळटीप जोडलीय: मेनमधल्या मूडी नावाच्या एका पाळकानेही असाच चेहरा झाकला होता, पण त्याचं कारण माहीत होतं, तरुणपणी त्याच्या हातून अपघाताने एक जिवलग मित्र मेला होता. हूपरच्या गोष्टीतून हॉथॉर्नने ते कारण काढून टाकलं आणि फक्त पडदा ठेवला. मग तो पडदा काही झाकतोय, की काही कबूल करतोय? गावकरी, वाग्दत्त वधू एलिझाबेथ, मरणशय्येजवळचा पाळक, प्रत्येकाला त्यात काय दिसतं याची एक यादी करून बघा.