टोमॅटोची फुलगळ आणि संजीवकाचा डोस

भोर तालुक्यातल्या किकवीसारख्या गावात ज्याच्या विहिरीला पाणी टिकते, तो शेतकरी उन्हाळी टोमॅटो लावतो. झाड फुलाने भरते, आणि ऊन तापले की पिवळ्या फुलांचा सडा सरीत पडतो. मग धावत कृषी सेवा केंद्र गाठले जाते.

दिवसाचे तापमान 35 अंशांपुढे गेले आणि रात्रीही पारा 21 अंशांखाली उतरेना, की टोमॅटोचे परागकण वांझ होऊ लागतात. फटका बसतो फूल उमलण्याच्या साधारण 8 ते 13 दिवस आधी, कळीत पराग तयार होताना. म्हणजे आज गळलेले फूल गेल्या आठवड्यातच अधू झालेले असते.

फलधारणा झाली की कोवळ्या फळातून ऑक्झिन नावाचे संजीवक देठात उतरते. ते थांबले की देठावरच्या गाठीशी पेशी सुटतात आणि फूल गळते. एनएए हे कृत्रिम ऑक्झिन ती उणीव भरून काढते. वांझ पराग मात्र त्याने सुधारत नाही. त्यामुळे अशी काही फळे कमी बियांची, आतून पोकळ निघतात. पाणी, आच्छादन, सावलीची जाळी यांना हा पर्याय नव्हे.

मात्रा साधारण 10 ते 20 पीपीएम. बाजारातल्या 4.5 टक्के द्रावणाचे हे प्रमाण 15 लिटरच्या पंपाला जेमतेम साडेतीन ते सात मिलिलिटर होते. टोपणाने अंदाजे ओतण्याचे हे औषध नाही. सफरचंदाच्या बागेत जादा फळे विरळ करायलाही एनएएच वापरतात! ऑक्झिनच्याच जातीचे 2,4-डी तर तणनाशक आहे. उसात ते मारलेला पंप नीट न धुता टोमॅटोत नेला, तर पाने पिळवटतात आणि शेतकरी बोकड्या समजून विषाणूवर खर्च करत बसतो. ॲस्पिरिनच्या कुळातले सॅलिसिलिक आम्ल झाडाला उष्णता सोसायला मदत करते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून घरातल्या गोळ्या कुटून फवारू नयेत.

‘हार्मोनचे टोमॅटो’ खाऊन मुलांना काही होईल का, ही शहरातली धास्ती. ऑक्झिन झाडाचे संप्रेरक आहे. इस्ट्रोजेन किंवा स्टेरॉइडशी त्याचे नाते नाही. लेबलवरची मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस पाळले, तर टोमॅटो धुऊन खाणाऱ्याने घाबरू नये.

जपायला हवे ते फवारणाऱ्याने. तीव्र द्रावण डोळ्यात उडाले तर डोळ्याला इजा होते. लगेच 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. हातमोजे, चष्मा हवाच. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी, म्हणजे झाडालाही बरे आणि माणसाला उष्माघात टळतो. उरलेले औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवणे सर्वांत घातक. कोणाच्या पोटात गेलेच, तर उलटी करवू नये. रुग्णासोबत मूळ लेबल असलेली बाटलीही दवाखान्यात न्यावी.