बेवारशी गाढवांचा हिशेब

१९७४ च्या फेब्रुवारी महिन्यातील ही गोष्ट आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सरकारी कुरणावर परवान्याने गुरे चारणाऱ्या एका गृहस्थाला असे आढळून आले की, आपल्या गुरांसाठी ठेवलेले खाद्य काही बेवारशी गाढवे फस्त करीत आहेत. त्याने त्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याकडे तक्रार केली. खात्याने गाढवे हलविण्यास नकार दिला. तेव्हा तो राज्याच्या पशुधन मंडळाकडे गेला. मंडळाने १९ गाढवे पकडली आणि लिलावात विकून टाकली. एवढ्यावर हे प्रकरण मिटावयाचे, पण ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९७६ साली न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, सरकारी जमिनीवर मुक्त फिरणाऱ्या या प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा करण्याचा अधिकार केंद्रीय संसदेला आहे.

एकोणीस गाढवांसाठी एवढा खटाटोप कशासाठी, असे आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर शोधताना माणसाच्या आणि जनावराच्या नात्यातील एक अवघड प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

या गाढवांना तिकडे ‘बुरो’ म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्या श्रोत्यांचे शिक्षण पोर्तुगीज शाळेत झाले, त्यांना तो परका वाटणार नाही. गणित चुकलेल्या मुलालाही हेच नाव मिळत असे! बडोद्याकडील श्रोत्यांना मात्र ‘रानगाढव’ म्हटले की कच्छच्या छोट्या रणातील घुडखर आठवेल. परंतु दोहोंत मोठा फरक आहे. घुडखर हा अस्सल वन्य प्राणी, तेथील मूळ रहिवासी. अमेरिकेतील बुरो म्हणजे माणसाळलेल्या आणि मग माणसानेच सोडून दिलेल्या गाढवांची संतती होय. त्याचे पूर्वज आफ्रिकेतले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी गाढवे मेक्सिकोत आणली. एकोणिसाव्या शतकात सोन्याचांदीच्या शोधात निघालेल्या माणसांनी त्यांच्याच पाठीवर पाणी, पीठ आणि कुदळी लादून ॲरिझोना, नेव्हाडा, कॅलिफोर्निया येथील वाळवंटे पालथी घातली. पुढे खाणी आटल्या, आगगाडी आली. गरज सरो आणि वैद्य मरो, या न्यायाने गाढवांना रानात सोडून देण्यात आले. मालक गेले; गाढवे मात्र काटक, ती तगली आणि वाढली.

पुढे माणसांनी घोड्यांची आणि गाढवांची सर्रास शिकार केली. मोटारी आणि विमाने घेऊन त्यांचा पाठलाग होई आणि पकडलेली जनावरे कत्तलखान्याकडे रवाना होत. नेव्हाडातील वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी या क्रौर्याविरुद्ध मोहीम उभारली. त्यांच्या हाकेला शाळकरी मुलांनी दिलेली साथ विलक्षण होती. मुलांच्या पत्रांचा संसदेवर पाऊस पडला. १९५९ साली अशा यांत्रिक शिकारीवर बंदी आली. पुढे १९७१ मध्ये रानघोडे आणि रानगाढवे यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्या १९ गाढवांच्या पाठीशी उभा राहिला तो हाच कायदा.

येथे गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते, आणि ती गणिताची आहे. या जनावरांना खाणारे श्वापद बहुतेक ठिकाणी उरलेले नाही. त्यामुळे त्यांचा कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. पाच वर्षे धरली, तरी आज एक हजार असलेली गाढवे वीस वर्षांत सोळा हजार होतात. वाळवंटातील झरा मात्र तेवढाच राहतो. सरकारी खात्याने आपल्या जमिनीला झेपतील अशा गाढवांची जी संख्या ठरविली आहे, ती तीन हजारांच्या आत आहे. २०२४ च्या मार्चमधील अंदाजाप्रमाणे प्रत्यक्षात गाढवे होती १९ हजारांहून अधिक. इतकी तोंडे एका पाणवठ्यावर आली की काठचे गवत तुडवले जाते, झरा गढूळ होतो आणि तेथील मूळची मोठ्या शिंगांची रानमेंढी मागे हटते. दुष्काळात तर गाढवेही तहानेने व्याकूळ होतात.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. त्याच कुरणांवर परवान्याने चरणाऱ्या गुरांची संख्या गाढवांहून कितीतरी मोठी आहे; मग सारा दोष गाढवांच्याच माथी का, असे त्यांचे कैवारी विचारतात. शिवाय २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, ही गाढवे आणि घोडे कोरड्या नदीपात्रात खुरांनी दोन मीटरपर्यंत खोल झिरे खणतात आणि त्या पाण्यावर इतर अनेक पशुपक्षी येऊन तहान भागवतात. म्हणजे गाढव हा वाळवंटाचा केवळ शत्रू नव्हे. प्रश्न गाढवाचा नाही, गाढवांच्या संख्येचा आहे.

मग उपाय कोणता? गोळी घालणे हा एक मार्ग झाला. ग्रँड कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानाला १९७१ चा कायदा लागू नव्हता, म्हणून तेथे गाढवे मारण्याचा बेत ठरला होता. तेव्हा १९७९ ते १९८१ या काळात प्राणिमित्रांच्या एका संस्थेने ५७७ गाढवे त्या खोल दरीतून हेलिकॉप्टरने उचलून बाहेर काढली. कृत्य थोर खरे, पण असा खर्च दर वर्षी कोण करणार?

दुसरा मार्ग पकडून दत्तक देण्याचा. पाण्याच्या किंवा चाऱ्याच्या आमिषाने गाढवे कुंपणात घेतात आणि ती सांभाळू इच्छिणाऱ्यांच्या स्वाधीन करतात. परंतु घेणारे थोडे आणि जनावरे फार. म्हणून घोडे-गाढवे मिळून साठ हजारांवर जनावरे सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांवर पोसावी लागली आहेत. दत्तक घेणारे वाढावेत म्हणून २०१९ मध्ये प्रत्येक जनावरामागे एक हजार डॉलर देण्याची योजना निघाली. २०२१ मध्ये उघडकीस आले की, काही जणांनी पैसे खिशात घातले आणि जनावरे कत्तलीच्या बाजारात धाडली. २०२५ मध्ये न्यायालयाने ती योजना रद्द केली.

तिसरा मार्ग जन्मच कमी करण्याचा. गाढविणीला दुरून सुईच्या बाणाने लस टोचली की काही काळ तिला गर्भ राहत नाही. ॲरिझोनातील ब्लॅक माउंटन भागात २०१७ पासून हा प्रयोग करण्यात आला. यात रक्त सांडत नाही आणि कोंडवाडाही लागत नाही. मात्र लस पुन्हापुन्हा टोचावी लागते, त्यासाठी एकेक गाढवीण ओळखून ठेवावी लागते, आणि आधीच फुगलेला कळप केवळ लसीने लवकर ओसरत नाही. म्हणून जाणते लोक म्हणतात की, आज काही गाढवे हलवावीत आणि उरलेल्यांना नेमाने लस द्यावी. दोन्ही कामे जोडीने चालली तरच मेळ बसेल.

श्रोतेहो, या गाढवांना त्या वाळवंटात माणसाने नेले आणि काम संपल्यावर माणसानेच सोडले. त्यांना गोळीपासून वाचविणे हे त्या ऋणाची पहिली फेड होती, आणि तीत शाळकरी मुलांचाही वाटा होता. पण वाचविलेल्या जनावराला पाणी पुरेल की नाही, त्याच्या शेजारच्या रानमेंढीला उरेल की नाही, हे पाहणे ही त्याच ऋणाची उरलेली फेड होय. ती एका कायद्याने किंवा एका दिवसाच्या उत्साहाने होत नाही. त्यासाठी दर वर्षी रानात जाऊन गाढवे मोजावी लागतात.