जुनं स्टेडियम दुरुस्त करायचं की सोडायचं? विषयातून प्रश्न काढताना

तीर्थपुरीला गेलो की पेटची तयारी करणारी मुलं हमखास विचारतात, "दादा, विषय सापडलाय, पण संशोधन-प्रश्न कसा काढायचा?" एका उदाहरणावर करून बघू.

विषय: क्रिकेट संघटना जुनं स्टेडियम दुरुस्त करते की सोडते? पटकन सुचणारं उत्तर, "जुनं झालं की सोडतात." हे झालं गृहीतक. आता तपासा.

मुंबईचं ब्रेबॉर्न 1937 सालचं. मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची, सामने भरवणारी मुंबईची संघटना वेगळी. तिकिटांच्या वाटपावरून दोघांचं बिनसलं. मग संघटनेने जवळच वानखेडे बांधलं आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. पुढे 2011 च्या विश्वचषकाआधी वानखेडेवरही हीच वेळ आली. या वेळी संघटना हलली नाही. स्टँड नव्याने बांधले, आसनं कमी झाली तरी चालवून घेतलं.

आता वय मोजा. सोडताना ब्रेबॉर्न 37 वर्षांचं, नूतनीकरणाच्या वेळी वानखेडे साधारण 35 चं. वय जवळपास सारखं, निर्णय उलटे! शिवाय वानखेडेचं काम चालू असताना डिसेंबर 2009 ची श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवरच झाली. म्हणजे ते निकामी नव्हतंच. फरक ताब्याचा होता. एकदा किल्ली दुसऱ्याकडे होती, एकदा स्वतःकडे.

पुण्याकडे बघा. नेहरू स्टेडियम महापालिकेचं. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने गहुंजेला स्वतःचं मैदान उभारलं, ते 2012 मध्ये सुरू झालं. नवं गृहीतक इथेही टिकतं.

पण लगेच खूश होऊ नका. तीन उदाहरणांवर नियम होत नाही. ताबा स्वतःकडे असूनही सोडून गेले, असं उदाहरण मुद्दाम शोधा. सापडलं, तर तुमचा प्रबंध खरा तिथे सुरू होईल.

आणखी एक. वानखेडे चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याइतकं, गहुंजे मात्र शहराबाहेर द्रुतगती मार्गालगत. संघटनेला सोयीचं तेच प्रेक्षकाला सोयीचं असेलच असं नाही. म्हणून "कोणता निर्णय योग्य?" असं मोघम विचारू नका. "कोणासाठी योग्य, आणि ठरवलं कोणी?" असं विचारा.

आता तुमच्या तालुक्यातली एखादी जुनी इमारत घ्या, शाळा किंवा बसस्थानक, आणि पहिला प्रश्न हाच लिहा: किल्ली कोणाकडे आहे?