भेंडीचा केवडा आणि पांढरी माशी

भेंडी ठाऊक नाही असे घर आपल्या उपनगरांत सापडणे कठीण. लोहमार्गाच्या कडेचे वाफे अनेकांनी गाडीतून पाहिले असतील. गोराईच्या वाड्यांतही ती पिकते. कित्येक घरांच्या गच्चीवरील कुंड्यांतही ती लावलेली असते. या भाजीस एक रोग जडतो. प्रथम पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मधला भाग मात्र हिरवा राहतो. जणू हिरव्या वस्त्रावर पिवळी जाळीच विणली आहे. मग सारे पान पिवळे होते, झाड खुरटते आणि फळे फिकट, लहान व राठ निघतात. रंगावरून शेतकरी यास ‘केवडा’ म्हणतात. नाव सुगंधी, पण पीक मातीमोल.

या रोगाचा पहिला उल्लेख आपल्याच प्रांतातील आहे. १९२४ मध्ये कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यात त्याची नोंद केली. पुढे १९४० मध्ये उप्पल, वर्मा व कपूर या शास्त्रज्ञांनी त्याचे मूळ एका विषाणूत आहे असे सांगितले. हा विषाणू किती सूक्ष्म? एका मिलिमीटरचे तीस हजार भाग कल्पिले, तर त्यांतील सुमारे एका भागाएवढी त्याची लांबी. त्यास पाय नाहीत, पंख नाहीत. मग तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो कसा?

त्याचे वाहन म्हणजे पांढरी माशी. हिला माशी म्हणतात खरे, परंतु ती मावा, तुडतुडे व ढेकूण यांच्या गणातील कीटक होय. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. पानाच्या खालच्या बाजूस बसून ती आपली सुईसारखी सोंड पेशींच्या मधून अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत पोहोचविते आणि रस शोषिते. झाड रोगी असेल तर रसाबरोबर विषाणूही तिच्या पोटात जातात. तेथून ते तिच्या शरीरातील द्रवात आणि द्रवातून लाळेच्या ग्रंथींत येतात. काही काळाने ती निरोगी झाडावर सोंड रोवते, तेव्हा लाळेबरोबर रोगही आत शिरतो. डास डेंग्यूचा रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो, तद्वतच हे होय.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. माशीने शोषिलेला रस हे अल्प नुकसान. तिने मागे ठेवलेला रोग हे मोठे. मावा सोडला तरी पान पुन्हा फुटते, परंतु विषाणू शिरलेल्या झाडास बरे करणारे औषध नाही. फवारणी माशीस मारते, झाडास रोगमुक्त करीत नाही. आणि शेजारच्या शेतातून किंवा बांधावरील तणांतून नव्या माश्या येतच राहतात. वारंवार फवारल्याने माशीस खाणारे उपकारक कीटक मात्र मरतात.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात रानटी भेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हे वाण दिले. त्याने केवड्यास चांगली टक्कर दिली. पण कालांतराने त्यावरही रोग दिसू लागला, कारण विषाणूही बदलत असतो.

ही कथा एकट्या भेंडीची नव्हे. केळीचा पर्णगुच्छ रोग मावा पसरवितो. द्राक्षवेलींच्या पानांच्या कडा खाली वळविणारा विषाणू पिठ्या ढेकणाबरोबर वेलीवेलींवर जातो. रोगी वेलीची काडी लावली तर कीटकावाचूनही तो नव्या बागेत पोहोचतो.

तर मग उपाय कोणता? रोज सकाळी पाने उलटून पाहावीत. शिरा पिवळ्या दिसताच ते झाड उपटून नष्ट करावे. बांधावरील तण काढावे. आणि रोगास टक्कर देणारे वाण निवडावे. लावलेले झाड उपटण्यास मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. ‘दोन भेंड्या तरी मिळतील’ असे वाटते. परंतु त्या दोन भेंड्यांसाठी राखलेले रोगी झाड पांढऱ्या माशीचे पाणवठेच बनते, आणि तेथून उठलेली माशी आपला वाफा कोणता व शेजाऱ्याचा कोणता हे पाहत नाही. भाजीच्या विक्रीवर ज्याचे घर चालते त्या शेजाऱ्याचे पीक आपल्या एका कुंडीमुळे जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येकास घेता येईल.